गेटला आडवा टँकर

सिनेमा बघायला विजयमाला वहिनी सोनईहून आमच्या केडगावच्या घरी आल्या. सोबत त्यांची लेक संस्कृती होती. तिनंच तो सिनेमा मोबाईलवर शोधून आमच्या टीव्हीला जोडला.

"काका, पप्पांची अन् तुमची नोकरी दाखवलीय यात. वकिलातीवर हल्ला होतो अन् कंपनीचे गार्ड ती वाचवतात."

तिचे पप्पा, कल्याण, आणि मी. दोघेही रणगाड्याचे ड्रायव्हर. पेन्शन लागल्यावर काबूलला एका परक्या वकिलातीच्या गेटवर कंत्राटी गार्ड म्हणून गेलो. मी चालत परत आलो. कल्याण पेटीतून आला.

सिनेमातले गार्ड दाढीवाले, दंड मांडीएवढे, सदा छपरावर बंदूक रोखून. माझं डोकंच फिरलं. अहो, छपरावर आम्ही कापलेल्या ड्रममध्ये मेथी लावली होती. कल्याण सुट्टीवरून येताना बाजरीचं पीठ आणायचा आणि पत्र्यावर भाकरी भाजायचा. त्या वासानं गोरे साहेबसुद्धा जिना चढून यायचे. संध्याकाळी बर्फाचे डोंगर लाल झाले, की हा हमखास म्हणायचा, "भिमाजी, आत्ता सोनईत हुरडा चालू आसंल." फार चांगले दिवस होते ते. मरणाच्या दारात बसून चांगले होते, हे कुणाला पटत नाही. मला मात्र अजून त्या छपराची आठवण येते.

तेवढ्यात पडद्यावर माणसं गेटवर धावून आली. गेटवरचे साधे गार्ड, आमच्यासारखेच सावळे, बंदुका टाकून पळाले. एकजण रस्त्यावर पालथा पडला.

"थांबव गं," वहिनी म्हणाल्या. संस्कृतीनं सिनेमा थांबवला.

"भाऊजी, हे बी रस्त्यावरच सापडले हुते. गावात लोक काय बोलत्यात ते मला ऐकू येतं. पळाले हुते का?"

"वहिनी, हल्ला झाला तेव्हा त्यानं टँकर लावून गेट अडवलं. हजारदा सांगितलंय."

"व्हय. पन गेट अडवून मग बाहीर कसे?"

हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. मेलेल्या मित्राची चूक त्याच्या बायकोपुढं कशाला काढायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आता त्यांच्या तोंडाकडं बघवेना. मी रिमोट उचलला आणि टीपॉयच्या कडेला आडवा ठेवला.

"हा पान्याचा टँकर. गेटाचा दांडा मोडला हुता अन् टँकरवाला पळाला हुता. कल्याण बाहीर धावला, टँकरवर चढला. हाय तसा पुढं घेतला आस्ता, तर स्टेअरिंगकडचं दार गेटाच्या आत आलं आस्तं. पन ह्यानं आख्खा वळवला अन् उजवं दार आत आनलं."

"उजवंच का?" संस्कृतीनं विचारलं.

"आपल्याकडं ड्रायव्हर उजव्या अंगाला उतरतो. तिकडं स्टेअरिंग डाव्या अंगाला. रोज बघायचो आमी, पन घाईत हात घरच्या सवयीनं चालले. उजवं दार तारेनं बांधलेलं हुतं. तो केबिनमधून ढकलत हुता, मी गेटाच्या आतून वढत हुतो. निघालं न्हाई. मग डाव्या दारानं उतरला, तो रस्त्यावर, हल्ला करनाऱ्यांच्या पुढ्यात."

इतक्या वर्षांनी मी त्या दोघींसमोर रडलो.

वहिनी रिमोटवर वाकल्या. मग त्याच्या उजव्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "म्हंजी हे दार आत यायसाठी ठिवलं हुतं?"

"व्हय. दुसरं कशापायी?"

"कुनी म्हनलं पळाला. कुनी म्हनलं शूर हुता, मरायलाच गेला. मी दोन्ही ऐकून घेतलं, भाऊजी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांना माघारी यायचं हुतं, एवढं कुनी सांगितलं न्हाई."