मी टाकलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच. चोवीस तोंडांचा, पत्र्याच्या अंगाचा. एका तुरुंगात, जिन्याखालच्या खोलीत अकरा वर्षं कपाटात बसून आहे. तारांतून आवाज आणि चित्रं तुकड्यातुकड्यांनी माझ्याकडे येतात. कोणता तुकडा कुठे धाडायचा आणि आधी कोणता, हे माझं काम.

मला कामाला लावलं वायरवाल्या ताईंनी. फोनच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांनी चिठ्ठी लावली, ‘आधी वाट द्या.’ कॅमेऱ्यांना मर्यादा घातली. चित्रं कितीही आली तरी ठरल्यापेक्षा जास्त जागा त्यांना मिळत नसे. वर्षानुवर्षं माझी कोणाला आठवणही झाली नाही, इतकं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग नवे साहेब आले. कॅमेऱ्यांची चित्रं बघायला त्यांनी नियंत्रण खोलीत भिंतभर पडदा लावला. चित्र जरा अडखळलं की त्यांचा पारा चढे.

“अहो ताई, त्या चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काढा. कॅमेरे आधी!”

“साहेब, गर्दी झाली तर फोन तुटेल.”

“सांगतो तेवढं करा.”

ताईंनी लेखी हुकूम मागितला. तो मिळाला आणि चिठ्ठ्या गेल्या, कॅमेऱ्यांची मर्यादाही गेली.

दोन महिन्यांनी भरदुपारी भोजनगृहात कैद्यांची जुंपली. बघता बघता शंभरजण एकमेकांच्या जिवावर उठले. बाकांचे पाय उपटले. एकाचं डोकं भिंतीवर आपटलं, दुसऱ्याची बोटं बाकाखाली चिरडली. बाहेरच्या बोळात, दोन लोखंडी दारांच्या मधे, एकटे हवालदार उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एक दार भोजनगृहाचं, दुसरं स्वयंपाकघराचं. दोन्हींची बटणं नियंत्रण खोलीत, मामांच्या जावयाच्या हाताखाली.

साहेबांनी सगळे कॅमेरे एकदम पडद्यावर मागवले. माझ्या रांगा तुडुंब भरल्या.

“जावईबापू, दार उघडू नका!” मामा फोनवर ओरडले.

पहिले तुकडे गेले. पुढच्यांना रांगेत जागा नव्हती, ते मी टाकून दिले. जावयाच्या कानी पडलं, “दार उघ…”

जखमींना बाहेर काढायचं असेल, असं त्याला वाटलं. त्याने बटण दाबलं.

जमाव बोळात घुसला. पहिला घाव मामांच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. आडवा धरलेला हात काडकन मोडला. साहेबांच्या पडद्यावर हे सगळं लख्ख दिसत होतं, कुठेही न अडखळता.

ताई धावत माझ्याकडे आल्या. कोणालाही न विचारता त्यांनी चिठ्ठ्या परत लावल्या, कॅमेऱ्यांना लगाम घातला. पडदा गोठला. तिकडे मामांना पळायला वाट मिळावी म्हणून जावयाचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं होतं. तेवढ्यात लोंबकळत्या फोनमधून रक्ताने भरलेल्या तोंडाचा आवाज आला. या वेळी मी एकही तुकडा सोडला नाही.

“दुसरं दार बंदच ठेवा. मी मेलो तरी.”

त्या दारामागे नऊ स्वयंपाकी होते. जावयाने हात मागे घेतला. कुमक पोचेपर्यंत चौदा मिनिटं तो फोनवर आपल्या सासऱ्यांना मार खाताना ऐकत राहिला.

मामा वाचले, पण एक डोळा गेला. तीन आठवड्यांनी इस्पितळातून त्यांचा फोन आला, माझ्यातूनच.

“मामा, खरं सांगा. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?”

“उघडा म्हणालो होतो. तुम्ही बरोबरच ऐकलंत, जावईबापू. जेवलात का?”

जावयाला हुंदका आवरेना. तोही मी नीट पोचवला.

मित्रांनो, खरा शब्द मला ठाऊक आहे. पण स्वतःहून बोलणं माझ्या हाती नाही. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा डबा धूळ खात असेल. त्याला फडका मारा. आणि आधी कोणाला सोडायचं हे त्याला शिकवायची पाळी आली, तर यातून हाक कोण मारतंय, एवढं नक्की विचारा.