मधली हाक

"जरा गप्प बस हं, मार्था," जेम्स म्हणाला. ती गप्पच होती.

टेबलावर तीन बरण्या होत्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेल्या, आणि प्रत्येकीत एकेक रातकिडा. एक इथला, वटारच्या घरामागच्या केळीच्या बागेतला, दुसरा पाचूबंदरच्या किनाऱ्यावरचा. दिसायला सख्खे भाऊ. आवाज मात्र वेगळा, आणि मादी आपल्याच आवाजाकडे जाते. जेम्स मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, आणि एका जातीच्या दोन जाती कशा होतात या प्रश्नानं त्याचं डोकं खाल्लं होतं. त्याचं म्हणणं, आधी हाक बदलते. रूप बदलायला मग सवड असते. रातकिड्यांना रात्र वाटावी म्हणून त्या खोलीची खिडकी कायम बंद असे.

तिसऱ्या बरणीतला त्या दोन जातींच्या संकरातून झालेला. बागेतली मादी सोडली की ती पहिल्या बरणीकडे जाई, किनाऱ्यावरची दुसरीकडे. तिसरा बिचारा पंख घासून घासून थके.

"याची हाक मधलीच झालीय," जेम्स खुशीत म्हणाला. "कुणालाच ओळखू येत नाही. म्हणजे जाती वेगळ्या झाल्या!"

"मग त्यानं करायचं काय?"

"त्यानं? त्यानं काय करायचं!" तो हसला आणि कॉलेजला गेला. मोठ्या प्रश्नात बुडालेल्या माणसाला घरातले लहान प्रश्न ऐकू येत नाहीत.

मार्था पाचूबंदरची, कोळ्याची लेक. याच रातकिड्यांच्या मागे जेम्स किल्ल्याजवळ हिंडत होता, तेव्हा मासळीच्या लिलावात हिचा आवाज ऐकून तो जागीच थांबला होता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता; सोयरिकी मात्र जुन्याच कायद्यानं चालत. धर्म एकच असून लग्नाला जेम्सकडच्या बागायतदारांनी तोंडं वाकडी केली आणि कोळ्यांनी दार लावलं. "ती आता आमची नाय," बाप म्हणाला. इकडे सासू कधी ओरडली नाही, फक्त हसायची. "पानी नाही गं बाई, पाणी." शेजारणीही हसायच्या. हसण्यापुढे कुणाचं काय चालतं? मार्था जपून बोलायला लागली, आणि सासू वारली तरी ती सवय गेली नाही.

आई आजारी असल्याचं चर्चच्या पायरीवर उडत उडत कानावर आलं, तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. आईनं बोलावलं असतं, तर बाप आडवा आला नसता. पण आईपर्यंत निरोप पोचवायचा कसा? जेम्सला तर बापानं दारात पाय ठेवू दिला नसता.

"बोंबीऽऽल घ्या, ताजा बोंबीऽऽल!"

हेल पाचूबंदरचाच! मार्था धावत ओट्यावर आली. टोपलीवाली कोवळी पोर होती, कधी न पाहिलेली.

"कोनाची गं तू?"

"हिरामन तांडेलाची सून, बाई. औंदाच लगीन झालं."

मार्थानं तिची टोपली उतरवून घेतली. "मायकलची इझाबेल ठावं हाय ना तुला? माझी आय ती. तिला सांग, मार्था वाट बघते आहे, मला बोलाव म्हणावं. पोटात पाणी तरी जातं का तिच्या?"

बोलणं सुरू झालं बंदरावर आणि संपलं वटारात. तिचं तिलाच ते ऐकू आलं. "पानी, पानी," तिनं घाईनं दुरुस्त केलं.

पोरीचा चेहरा उतरला. "हसता काय बाई आमाला? इझाबेल आय आमची शेजारीन. तिची लेक बंदरची, ती अशी नाय बोलायची."

"अगं नाही गं, खरंच..."

"आमच्यावानी बोलून दाखवायचं न मागून हसायचं. लय घरं बघितली." टोपली डोक्यावर गेलीसुद्धा. "आजारी मानसाची तरी चेष्टा करू नये, बाई."

मार्था फाटकापर्यंत धावली. हाक मारायला तोंड उघडलं, आणि ती कुठल्या बोलीत मारायची हेच तिला कळेना. पोर वळणाआड गेली.

ती अंधाऱ्या खोलीत परत आली. तिसऱ्या बरणीतला ओरडतच होता. काकडीचा काप टाकायला तिनं फडकं सैल केलं आणि तिला एकदम रडू आलं.

"कोनाला बोलावतंस रं लेकरा?" ती म्हणाली. "कोन हाय तुजं हितं?"

बंदरचा 'न' अगदी जागच्या जागी आला होता. ऐकायला घरात कोणी नव्हतं. मार्थानं डोळे पुसले आणि फडक्याची गाठ पुन्हा मारली.