माझ्या चाकात ग्रीस नव्हते

मी एक जुना ट्रेलर आहे आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मुलांशी बोलताना रागावू नये म्हणतात. पण जे घडले ते गोड करून सांगणे मला जमणार नाही.

नदीला पूर आला की अडकलेली माणसे काढायला बोट लागते. बोट काही रस्त्याने चालत जात नाही. जीपच्या मागे जोडून, तिला पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत जायचे, हे माझे काम. नगरच्या एका वर्कशॉपमध्ये प्रभुदास नावाच्या वेल्डरने मला जोडले. प्रार्थनेची गाणी गुणगुणत तो काम करायचा. माझा ताबा देताना त्याने जीपचा ड्रायव्हर मच्छिंद्र याला बजावले होते, "हा पाण्यात उतरणार. तापलेलं चाक थंड पाण्यात गेलं की आतलं ग्रीस धुऊन जातं. दर खेपेनंतर चाक उघडायचं, रॉकेलनं धुवायचं, नवं ग्रीस भरायचं. आळस केलास तर भर रस्त्यात बसवील तुला."

मच्छिंद्रने आळस केला नाही. पहिल्या पावसाळ्यांत आम्ही राजूरच्या डोंगरातली वळणे चढलो, ओढ्यांच्या चिखलात रुतलो, पण कुठे अडलो नाही. पुरातून सुटून आलेले लोक बोटीला हळदकुंकू लावायचे. माझ्याकडे कोणी बघायचे नाही. मच्छिंद्र मात्र परतल्यावर माझे चाक थोपटायचा. मला तेवढे पुरे होते.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, नद्यांत वाळू उडू लागली. बोट आणि मी नगरच्या ज्या सरकारी गोदामात राहायचो, त्याचे प्रमुख होते आबासाहेब. मच्छिंद्र ग्रीसचा डबा मागायला गेला की ते हसायचे.

"जिल्ह्यात पाण्याचा थेंब नाही, आणि तुझ्या ट्रेलरला ग्रीस पाहिजे!"

बोट उतरवून शेडमध्ये पालथी घातली गेली. मला पारनेरकडे दुष्काळी कामावर दगड वाहायला धाडले. तिथे उन्हात दगड फोडणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. ती पोटासाठी राबत होती. पण बोटीसाठी बनवलेल्या अंगावर दगडांचे ढीग पडले, चाकांवरचे माझे स्प्रिंगचे पाटे वाकले, चाकांत धूळ शिरली. एक दिवस आबासाहेबांनी माझे जादा चाक काढून मेव्हण्याच्या ट्रॉलीला बसवायला दिले. जीपमधला जॅकही त्या चाकाबरोबर गेला.

मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, पावसाळ्याच्या आत चाक माघारी पाहिजे."

"आणू की! पूर काय तुला विचारून येतोय का?"

खरेच, तो विचारून आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात गोदावरी फुगली. सकाळी शेवगावहून फोन आला. नदीकाठच्या वस्तीला पाण्याने वेढा दिला होता. बाकीचे लोक निसटले होते, पण सहादेव नावाचा शेतकरी, त्याची बायको गोजरबाई आणि त्यांची लहानगी मनकर्णा एका टेकाडावर अडकली होती. घाईघाईने माझ्यावर बोट चढवली आणि मच्छिंद्रने जीप सोडली. माझी चाके उघडून बघायला कोणाला सवड नव्हती. त्याआधी दोन वर्षे सवड होती, मित्रांनो. तेव्हा कोणी उघडली नाहीत.

मिरी गाव मागे पडल्यावर माझे डावे चाक तापू लागले. धूर निघाला. मी किंचाळलो, कोरडे लोखंड किंचाळते तसा. मच्छिंद्रने ब्रेक दाबला तोवर बेअरिंगचा चुरा झाला होता. चाक निखळून बाजरीत गेले आणि मी बोटीसकट रस्त्यावर कलंडलो. दुसरे चाक नाही, उचलायला जॅक नाही. मच्छिंद्र चिखलातून पळत जवळच्या वस्तीवर गेला. तिथल्या लोकांना काहीच माहीत नव्हते. बैल रानात, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल. सगळी जमवाजमव होऊन बोट बैलगाडीवर चढेपर्यंत सूर्य कलला.

त्यांच्यातला एक म्हातारा चिडून म्हणाला, "आधी कुनी सांगून ठिवलं असतं, तर बैल जुंपून हुभे नसतो का ऱ्हायलो?"

बोट पोचली तेव्हा टेकाड पाण्याखाली गेले होते. बाभळीवर गोजरबाई मनकर्णेला छातीशी धरून बसली होती. त्या दोघींना खालून आधार देत सहादेव उभा होता म्हणे. तो आता तिथे नव्हता. हे मला नंतर कळले. माझ्यापाशी बसून मच्छिंद्र ते मला बघायला आलेल्या प्रभुदासला सांगत होता.

चौकशीला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. मला शेवगावला ओढून आणून चावडीपुढे ठेवले होते. आबासाहेब म्हणाले, "यंत्र आहे साहेब. रस्त्यात बंद पडलं, त्याला कोण काय करणार?"

गोजरबाई गर्दीतून पुढे आली. तिने माझ्या उघड्या चाकात बोटे घातली आणि सगळ्यांना दाखवली. बोटांना गंज आणि धूळ लागली होती.

"ह्ये बंद पडलं न्हाई. तुमी बंद पाडलं," ती म्हणाली. "सकाळी पानी छातीएवढं हुतं. मालक आमाला घिऊन निघाले हुते. काठावरनं लोक वरडले, बोट निघालीय, थांबा! म्हून मालक माघारी फिरले. तुमच्या बोटीच्या भरवशावर थांबले त्ये."

तिचा आवाज चढला.

"आन् रस्त्यात मानसं न्हाईत व्हय? गावं न्हाईत? ही गाडी मोडली तर धावा, आसं एका तरी गावाला सांगितलं हुतं का?"

आबासाहेबांची बदली झाली. एका माणसाच्या जिवापुढे एक बदली! मला तेव्हाही संताप आला, आजही येतो.

पण गोजरबाईचा प्रश्न मच्छिंद्रच्या मनातून हलला नाही. तो आणि प्रभुदास माझ्या प्रत्येक रस्त्याने गेले. मिरीच्या गॅरेजात, पारनेरच्या कानिफनाथ लोहाराकडे, राजूरच्या फोनवाल्या दुकानात त्यांनी माणसे ठरवली. कुठे चाक ठेवले, कुठे बेअरिंग, कुठे पाटा. बोट निघाली की आधी फोन करायचा आणि त्यांनी तयार राहायचे. पुढच्या पुरात पारनेरच्या अलीकडे माझा पाटा तुटला, तेव्हा कानिफनाथ सामान घेऊन रस्त्यावरच उभा होता. अडकलेली सगळी माणसे सुखरूप निघाली. साहेबांचा सत्कार झाला, टाळ्या वाजल्या. मी मात्र आतून जळत होतो. एवढे सोपे होते हे? मग सहादेव असताना का नाही केले?

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कोणीतरी शेडमध्ये उभे असेल. आग विझवायचा बंब असेल, दवाखान्याची गाडी असेल. माझ्या गंजाची कीव करू नका. त्यांच्याकडे जा, आणि सगळे कोरडे आणि शांत असताना जा. चाक फिरते का, मोडले तर कोण धावणार, हे मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

गोजरबाई विचारते. दर उन्हाळ्याच्या शेवटी ती मनकर्णेला घेऊन एस.टी.ने नगरला येते आणि थेट शेडमध्ये शिरते. यंदा गोदामाचे नवे प्रमुख जरा वैतागून म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे. कशाला एवढा त्रास घेता?"

"ठीक हाय, तर दावायला काय जातंय?"

प्रभुदास मला जॅकवर उचलतो आणि चाकाला झोका देतो. कोरडे लोखंड कुठे कुरकुरते का, ते ती कान देऊन ऐकत उभी राहते. कोणी खुर्ची पुढे केली तरी चाक आपसूक थांबेपर्यंत ती बसत नाही.