सहा-सहा

“दोघींचे सहा-सहा गेम. आता निर्णायक गेम,” पंचाने पुकारलं आणि अख्खी गॅलरी टाळ्यांनी दणाणली. पहिल्या रांगेत बसलेल्या सेक्रेटरीने मात्र टाळी वाजवली नाही. हा निर्णायक गेम त्याच्याच डोक्यातून निघालेला होता, आणि मैदानावर त्याचीच मुलगी उभी होती.

कित्येक वर्षं तो टेनिस क्लबचा सेक्रेटरी होता. पूर्वी सहा-सहा झाले की कुणीतरी दोन गेमची आघाडी घेईपर्यंत खेळ चालायचा. उन्हं कलायची, प्रेक्षक पांगायचे, पुढचे सामने रखडायचे. त्यावर त्याने तोडगा काढला: अशा वेळी एकच छोटा गेम खेळवायचा, दोन गुणांचा फरक राखून जो आधी सात गुण करील, सेट त्याचा. संघटनेतल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण तो दर बैठकीत तेच दळण दळत राहिला. शेवटी यंदा त्यांनी कंटाळून माना डोलावल्या.

मुलीला क्लबात सगळे डिंकी म्हणत, कारण एकदा चिकटली की ती सुटायची नाही. तिच्याकडे ना उंची, ना जोरकस सर्व्हिस. होता तो दम. समोरचीला पळवून पळवून ती रडकुंडीला आणायची. आज अंतिम सामन्याच्या शेवटच्या सेटमध्येही तेच झालं होतं. ताडमाड उंचीची ती दुसरी मुलगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

“अजून थोडं लांबलं असतं ना, तर ही खालीच बसली असती,” शेजारचा कोच पुटपुटला. मग आपण कुणाजवळ बसलोय हे आठवून एकदम गप्प झाला.

उंच मुलीने उरलीसुरली ताकद सर्व्हिसमध्ये ओतली. डिंकीची रॅकेट दोनदा नुसतीच हवेत फिरली. बघता बघता सात-चार झाले आणि सामना संपला.

अध्यक्षांनी सेक्रेटरीलाच मैदानावर बोलावलं. “या नियमाचे जनक!” म्हणत माइक हातात दिला. डिंकीही टाळ्या वाजवत होती. त्याच्या तोंडून ‘आभारी आहे’ एवढंच कसंबसं निघालं.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली होती.

“चिडलीस तरी चालेल गं,” तो म्हणाला.

“कुणावर चिडू, बाबा? तुम्ही घरी जेवताना समजावून सांगायचात, तेव्हा मीच म्हणायचे ना, झकास आहे म्हणून!” तिचा आवाज चिरकला. “फक्त माझ्या खेळाला आता जागा उरली नाही, एवढंच.”

“मी बोलतो त्यांच्याशी. शेवटच्या सेटपुरता तरी—”

“आणि ते ऐकतील? इतकी वर्षं डोकं खाऊन तुम्हीच तर त्यांना पटवलंत.”

बाहेर कर्ण्यावर पुढच्या सामन्याची घोषणा झाली, अगदी वेळेवर.

तो खाली बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. लांबलेला सामना जिंकून आली की तिच्या तळव्यांना फोड आलेले असायचे. तो कोमट पाण्याने ते हळूच पुसायचा आणि ती “आई गं” करत हसायची. त्याने मोजे काढले. तळवे स्वच्छ होते, कुठे साधा लालसर डागही नव्हता.

तरीही तो ते तळवे हातात धरून बसून राहिला.