हार्कनशॉने लीग जिंकली त्या दुपारी

सेथ ओल्ड्रॉइडच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजव्यापेक्षा मोठी दिसली, तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हेच, की अजून दोन सामने बाकी आहेत. सेथचा विचार त्यानंतर आला. हे मी आजवर फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

मी हार्कनशॉ टाउनचा ट्रेनर होतो. ट्रेनर म्हणजे काय, तर खेळाडूंचे पाय चोळायचे, सुजलेल्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, आणि शनिवारी कोणी पडला की बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावायचं. वीस वर्षं मी हेच करत आलो होतो. मधली चार वर्षं युद्धात गेली, तिथे जखमींचे स्ट्रेचर उचलले. माझं नाव एनॉक शग्डन, पण पोरं मला वस्तादच म्हणायची.

सेथ आमचा गोलकीपर. चौतीस वर्षांचा, उंच, शिडशिडीत, पंजे फावड्यासारखे. आमच्यासारख्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावाचा संघ त्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये सगळ्यांच्या वर बसला होता, तो बराचसा त्या पंज्यांच्या जिवावर.

एप्रिलमधल्या एका सामन्यात तो समोरच्या फॉरवर्डच्या पायांवर झेपावला आणि बुटाचं टोक त्याच्या कानामागे बसलं. तो उठला, हसला, सामना पुरा केला. त्यानंतरच्या मंगळवारी मी त्याचे खांदे चोळत होतो. खिडकीतून ऊन येत होतं. त्याने मान वळवली आणि मला ती बाहुली दिसली.

फ्रान्समध्ये आमच्या एका जवानाच्या डोक्यावर तुळई पडली होती. तो उठून बसला, माझ्याकडून सिगरेट घेतली, सासूबद्दल एक चावट विनोदसुद्धा सांगितला. दोन तासांत गेला. तिथल्या डॉक्टरने त्याची पापणी उचलून मला दाखवलं होतं. "ही बघ. एक बाहुली मोठी झाली की समजायचं, आत रक्त साठतंय."

"सेथ, माझ्याकडे बघ," मी म्हणालो.

"रोजच बघतो की. तुमच्यात काही सुधारणा नाही, वस्ताद."

"डोकं दुखतंय?"

"छे." मग जरा वेळाने, "सकाळी दुखतं. एकदा उलटी झाली की बरं वाटतं."

"नेलीला माहीत आहे?" नेली त्याची बायको.

"तिला सांगितलं तर ती मला खाटेला बांधून ठेवेल." तो उठून बसला आणि त्याने माझं मनगट धरलं. "दोन शनिवार, वस्ताद. दोनच. मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो."

"आणि मेलास तर?"

"मी बसलो तर गोलमध्ये कोण, राखीव पर्सी? नाताळच्या सामन्यात सहा गोल खाल्ले त्याने. तेही जेवणाआधी."

मला हसू आलं. मी हसलो, हे खरं आहे.

त्याच दिवशी मी मॅनेजर क्रॅबट्री साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. दारावर टकटक करायला हात उचलला. आत साहेब कोणाला तरी सांगत होते, "ओल्ड्रॉइड उभा आहे तोवर लीग आपली." मी हात खाली घेतला. वीस वर्षं त्या क्लबची बादली वाहिली होती मी, आणि एवढ्या वर्षांत आम्ही कधी काही जिंकलं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी मैदानाकडे जाताना मी आधी भिंतीकडे बघायचो. तिथे टेकलेली सेथची सायकल दिसली की श्वास मोकळा व्हायचा. मग दिवसभर मी त्याच्यावर नजर ठेवून असायचो. तो अडखळतोय का, त्याला शब्द आठवत नाहीयेत का. त्याने जांभई दिली तरी मी त्याच्या डोळ्यांत डोकावायचो.

पहिला शनिवार निभावला. परगावी एक-शून्यने जिंकलो. परतीच्या गाडीत सेथ टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात बसला होता. स्टेशनवर नेली आली होती. तिने मला बाजूला घेतलं.

"एनॉक, एक विचारू? सेथ चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवतो हो. काल दोन फुटले. नुसता थकलाय ना?"

तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. "थकलाय," मी म्हणालो. "हंगाम मोठा होता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

शेवटच्या सामन्याआधी क्लबच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. त्याच्यासमोर बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. सेथने तीन सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ते नेहमी तीनच धरतात."

हिशोब असा होता. आम्ही दुसऱ्या क्रमांकावरच्या लंडनवाल्यांच्या एका गुणाने पुढे. आम्ही जिंकलो तर लीग आमची. आमची बरोबरी झाली आणि ते जिंकले तर गुण सारखे, पण गोलांच्या सरासरीत ते सरस. त्यांचा सामना त्यांच्याच घरी, तळाच्या संघाशी. ते जिंकणार यात कोणाला शंका नव्हती. आमच्यासमोर वेस्टरबी. त्यांना खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायचं नव्हतं, त्यामुळे ते चेंडूला आणि माणसाला सारख्याच लाथा घालत होते.

मैदानात चाळीस हजार माणसं होती. बाहेरच्या घरांच्या कौलांवरही माणसं बसली होती. मी कडेला बादली घेऊन बसलो होतो आणि सामना मला दिसतच नव्हता. मला फक्त सेथचा पिवळा स्वेटर दिसत होता.

सत्तर मिनिटं झाली तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो. वेस्टरबीचा कॉर्नर आला. सेथ चेंडूसाठी उडाला, कोणाचा तरी खांदा त्याला लागला आणि त्याचं डोकं खांबावर आपटलं. तो आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. चेंडू बाहेर गेला होता. मी धावत सुटलो. मी पोचायच्या आत सेथ स्वतःच उठला, गोलमध्ये जाऊन उभा राहिला, गुडघे वाकवले, हात पसरले.

त्याचं तोंड जाळीकडे होतं. मैदानाला पाठ करून तो चेंडूची वाट बघत होता.

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मी त्याच्या खांद्याला धरून वळवलं.

"सेथ, किती गोल झालेत?"

"सामना कुठे सुरू झालाय अजून?" तो म्हणाला. बाहुली पसरून त्याच्या डाव्या डोळ्यातला निळा रंग जवळजवळ संपला होता.

कप्तान वॉल्टर हिंचक्लिफ धावत आला. "वस्ताद, पाणी मारा आणि निघा. वीस मिनिटं राहिलीत."

"हा बाहेर येतोय."

"डोकं फिरलंय का तुमचं? आपण दहाजण उरू!" त्या काळी बदली खेळाडू नसायचा. गेला तो गेला.

"वॉल्टर, हा मरतोय."

वॉल्टरने सेथकडे बघितलं. मग त्याने सेथचा स्वेटर काढायला मला मदत केली आणि स्वतःच्या अंगात घातला. तो बॅक, म्हणजे बचावफळीतला, आयुष्यात कधी गोलमध्ये उभा राहिला नव्हता.

कडेला क्रॅबट्री साहेब उभे होते. चेहरा लालबुंद. "एनॉक! परत पाठव त्याला. माझा हुकूम आहे."

"साहेब, बाजूला व्हा."

"तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"त्याला हात लावलात तर ही बादली तुमच्या डोक्यात घालेन."

मी असं कधी कोणाशी बोललो नव्हतो. प्रेक्षकांतून संत्र्यांची सालं पडायला लागली. कोणी तरी ओरडला, "किती घेतलेस रे लंडनकडून?" आणि मग सगळेच तेच ओरडायला लागले. सेथ माझ्या खांद्यावर भार टाकून हळूहळू चालत होता. मला विचारत होता, एवढे का चिडलेत सगळे?

कपडे बदलायच्या खोलीत मी त्याला टेबलावर निजवलं. पहारेकऱ्याला रुग्णवाहिकेसाठी पिटाळलं. गर्दीतून गाडी यायला वेळ लागणार होता. त्याला जागं ठेवायचं एवढंच माझ्या हातात होतं.

"तुझ्या कबुतरांची नावं सांग," मी म्हणालो.

"ड्यूक. राणी. काळी... ती काळी..." तो थांबला. "नेली."

"ती बायको तुझी. पुढे सांग."

भिंतीपलीकडे गर्दी गरजत होती. प्रत्येक गर्जनेला टेबलावरच्या बाटल्या थरथरत. त्या आवाजातून काहीच कळत नव्हतं. चेंडू अडवला की काय, पाडला की काय. मी सेथचा हात घट्ट धरला होता. तो पंजा, ज्यात चेंडू चिकटून राहायचा, ओल्या फडक्यासारखा पडला होता.

मग बाहेर एकदम शांत झालं.

चाळीस हजार माणसं एकाच वेळी गप्प होतात तेव्हा कानात दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत दूरच्या कोपऱ्यातून वेस्टरबीच्या मूठभर लोकांचा जल्लोष आला. दोन-दोन. मी लीग घालवली होती.

आणि त्याच वेळी सेथ घोरायला लागला. फ्रान्समधला तो जवानही शेवटी असाच घोरला होता. मी सेथला हलवलं, हाका मारल्या, थोबाडीत मारली. तो घोरतच राहिला. तेव्हा मी जेवढा घाबरलो तेवढा तोफांच्या माऱ्यातही घाबरलो नव्हतो, कारण तोफा मी डागल्या नव्हत्या.

इस्पितळात त्याला थेट शस्त्रक्रियेला नेलं. मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने नेली आली. ती सामन्यांना कधी येत नसे, तिला बघवायचं नाही. शेजारणीने निरोप दिला तशी ती उठून आली होती, हाताला पीठ तसंच. माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला. ते पीठ माझ्या बोटांना लागलं.

तेवढ्यात इस्पितळाचा शिपाई टोपी उडवत धावत आला. "लीग आपली! लंडनवाले शून्य-शून्य! तळाच्या संघाला एक गोल मारता आला नाही त्या लंडनच्या साहेबांना! एका गुणाने आपली!"

नर्सने त्याला दटावलं. पण गावातल्या गिरण्यांचे भोंगे वाजायला लागले होते. एक, मग दुसरा, मग सगळेच. नेलीने कान झाकून घेतले. "बंद करायला सांगा हो त्यांना," ती म्हणाली. मी उठलो, आणि भोंगे बंद करायला कोणाला सांगायचं ते न कळून परत बसलो.

सर्जन बाहेर आले तेव्हा भोंगे थांबले होते. "रक्त काढलंय," ते म्हणाले. "माणूस दणकट आहे, बहुतेक वाचेल. पण त्यातलं बरंचसं रक्त जुनं होतं, काळं पडलेलं. दोनेक आठवड्यांचं. इतके दिवस कोणाच्या काहीच लक्षात आलं नाही?"

नेलीने नकारार्थी मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खोटं बोलू शकलो असतो. ती ते खरं मानून चालली असती.

"माझ्या आलं होतं," मी म्हणालो.

तिने हात सोडवून घेतला. आरडाओरडा केला नाही. "मी तुम्हाला कपाचं विचारलं होतं, एनॉक," एवढंच म्हणाली, आणि जाऊन दुसऱ्या बाकावर बसली.

सेथ वाचला. उजव्या हातातली ताकद गेली आणि बोलताना कधीकधी शब्द हरवायचा. पुन्हा खेळला नाही. गावाने मात्र मला डोक्यावर घेतलं. वस्तादाने भर सामन्यात माणूस वाचवला! सालं फेकणारेच रस्त्यात टोपी काढायला लागले. क्रॅबट्री साहेबांनी करंडकाशेजारी उभं करून माझा फोटो काढून घेतला. लंडनवाल्यांनी एक गोल मारला असता तर याच लोकांनी माझ्या घराच्या काचा फोडल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि कोणी पाठ थोपटली की मला वाटायचं, नेलीने आज सांगितलं असेल. उद्या सांगेल. त्या उन्हाळ्यात मी दार वाजलं तरी दचकायचो. शेवटी क्लब सोडला आणि गिरणीत लोकर निवडायला लागलो.

तिने सेथखेरीज कोणालाच सांगितलं नाही. फक्त माझ्यासाठी दार उघडलं नाही. सेथच काठी टेकत बागेत यायचा, माझ्या शेजारी बसायचा. हंगामाचा शेवटचा महिना त्याला बिलकूल आठवत नव्हता.

"त्यांचा दुसरा गोल कसा झाला?" त्याने एकदा विचारलं. "मी असतो तर अडवला असता?"

"मला काय माहीत? मी तुझ्यापाशी होतो."

त्याला खूप हसू आलं. मग तो गंभीर झाला. "मीच तुम्हाला गप्प बसवलं असणार, असं मी नेलीला म्हटलं. मी ओळखतो ना मला."

"मग?"

"ती म्हणते, माझं डोकं फुटलेलं होतं. तुमचं तर शाबूत होतं ना."

आम्ही तळ्यातली बदकं बघत बसलो.

नेली माझ्याशी पुन्हा बोलली त्याला आणखी दोन वर्षं गेली. रविवारी चॅपलच्या पायऱ्यांवर समोरासमोर आलो. ती थांबली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "दुपारपर्यंत वारा सुटेलसं दिसतंय."

"सुटेल," मी म्हणालो. "उत्तरेकडूनच येतोय."

ती पायऱ्या उतरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी टोपी हातातच धरून उभा होतो.