तबकडीच्या शेवटी नाव

तिसऱ्यांदा रेवाबाईंनी कर्ण्यासमोर तोंड नेलं आणि तिसऱ्यांदा गाण्याऐवजी खोकला आला.

गोऱ्या साहेबानं यंत्र थांबवलं. मेणाची जाड तबकडी उचलली आणि चुरगळलेल्या कागदासारखी कोपऱ्यात टाकली.

बन्सीलाल शेठच्या जिनिंगचं हे गोदाम. चारी बाजूंनी रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. आवाज घुमू नये म्हणून ही जागा साहेबानंच पसंत केली होती. गाठींनी आवाज धरला खरा, पण रुईच्या धुळीनं सुरतेच्या त्या नामांकित गाणारणीचा गळाही धरला. मुंबईची रेकॉर्ड कंपनी सुरतेहून पुढे निघाली होती; तिला नंदुरबारला उतरवून घ्यायची हौस शेठची. आपल्या जिनचं नाव तबकडीत वाजावं, एवढंच त्याला हवं होतं. हौस शेठची, खोकला रेवाबाईंचा. जगाची वाटणी अशीच असते.

"दोनच तबकड्या राहिल्यात शेठ," कंपनीचा एजंट म्हणाला. "आणि पाचची गाडी आहे."

तेवढ्यात साहेबानं मान वर केली. बाहेर पलीकडच्या शेडमध्ये जिन चालू होती. तिच्या शेजारी उभं राहिलं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. पण त्या खडखडाटावर पाय देऊन एका बाईचा आवाज सरळ गोदामात आला होता, एकेका शब्दासकट.

"कोन शे रे ती?" शेठनं वाहरू मुकादमाला विचारलं.

"झिपरूनी बायको, शेठ. भट्टीवाला झिपरू नही का, त्यानी. भलती तोंडनी शे. चूप बसाले सांगू का?"

साहेब एजंटाच्या कानाशी काहीतरी बोलला. एजंट हसला.

"चूप नका बसवू. आत आणा तिला."

झिपरूची बायको. अकरा वर्षं ती या जिनमध्ये सरकी काढायच्या चरख्यावर कपाशी घालत होती आणि अकरा वर्षं सकाळच्या हजेरीत तिला हीच हाक होती. लोक बैलाला नाव देतात. म्हशीलासुद्धा हौसेनं देतात आणि ती हरवली की नावानं हाका मारत शिवार पालथं घालतात. बाईला मात्र माहेरात कुणाची तरी पोर, सासरात कुणाची तरी बायको. मेल्यावर कुणाची तरी आई. याला आपण रीत म्हणतो आणि वर मिशीला पीळ देतो. बाईचं नाव गजराबाई होतं. माहेर खांडबाऱ्याचं. चरख्यावर झोप येऊ नये म्हणून ती गायची, आणि चरख्यापुढे आवाज हरू नये म्हणून जोरात गायची. घरी सासू म्हणायची, "घर शे का बजार?" नवरा म्हणायचा, "तुन्हा गळामा कोनी भोंगा बसाडा व?" एवढंच तिचं आजवरचं कौतुक.

गजराबाई आली ती केसांत रुई माळल्यासारखी. साहेबानं हात करून जिन बंद करायला लावली. पट्टे सुटले, चाकं थांबली. हंगामाच्या भर दुपारी जिन थांबली ती एका चरखेवालीसाठी! शेडमधल्या सगळ्या बायका गोदामाच्या दाराशी जमल्या. मागे जिन चालवणारी भट्टी सोडून आलेला झिपरू, हात कोपरापर्यंत काळे.

"बाई, या कर्ण्यात गायचं," एजंट म्हणाला. "सगळा आवाज त्यात गेला पाहिजे."

"कितला जोर लावू?"

"असेल तेवढा."

तिनं पहिली ओळ गायली मात्र, यंत्रावरची सुई थडथडली. साहेबानं तिला दोन हात मागे सरकवलं. मग चार हात. शेवटी ती दाराच्या उंबरठ्याला टेकली तेव्हा सुई नीट बसली. ज्या यंत्रात लोक नाक खुपसून ओरडतात, त्याच्यापासून तिला हाकलावं लागलं. बायका खिदळल्या.

"आखो मांगे सरकाडा तिले," एकजण म्हणाली, "खांडबारापावत!"

"गाणं संपलं की लगेच नाव सांगायचं," एजंट म्हणाला. "तबकड्या बनतात साता समुद्रापार. तिथं कुणाची कुठली ते त्या बोलण्यावरून कळतं. नवऱ्याचं, गावाचं, सगळं सांग."

गजराबाईनं मान हलवली आणि सुरू केलं. लग्नात व्याह्याला चिडवायचं गाणं, तिनं स्वतः जोडलेलं:

"याही उना दारशी, पागोटं त्यानं मोठं व माय,
पागोटाखाल पाह्यं तं डोकं नही कोठं व माय!"

पहिल्यांदाच खडखडाट नव्हता. पहिल्यांदाच तिचा आवाज तिला स्वतःला पुरता ऐकू येत होता, आणि तो ऐकून ती आणखी चढली. रेवाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी पदर खाली घेतला. तीन कडवी झाली. एजंटानं बोट वर केलं: नाव!

आणि इथं घोटाळा झाला. नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितल्यावर खानदेशातली बाई दुसरं काय करणार? तिनं पदर सारखा केला, लाजली आणि उखाणा सुरू केला.

"कपाशीना बोंडमा रुई धवळी धवळी,
सासरनी वाटवर सावली कवळी कवळी,
बारा गावना बजार, तेरावा..."

सुई मेणाच्या मध्यावर जाऊन थांबली. तबकडी संपली होती. झिपरूचं नाव ओठातच राहिलं. एजंटानं कपाळाला हात लावला.

"बाई, वरात नाही ही! सरळ नाव घे!"

"उखाना बिगर धनीनं नाव कसं लेऊ?" ती म्हणाली. "आयुष्य कमी व्हस त्यानं."

"एकच राहिली," एजंट म्हणाला. साहेबानं खिशातून घड्याळ काढलं.

शेठ पुढे आला. "कोनंच नाव नको. बाईमानूसनं नाव बजारमा कसाले? गानं झायं का सांग, बन्सीलाल शेठनी जिन, नंदुरबार. समजनं का?"

"समजनं," ती म्हणाली.

रेवाबाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांचा आवाज पार बसला होता. "बेन, मी वीस तबकड्या भरल्या. दर वेळी माझं नाव मीच घेते. माझ्यामागे लावायला कुणाचं नाव नाही, म्हणून लोक मला हलकी म्हणतात. पण तबकडीत मी आहे." मग शेठकडे पाहून आणखी हळू म्हणाल्या, "गळा जिनचा आहे के तुझा?"

गजराबाई उंबरठ्यापाशी जाऊन उभी राहिली. शेवटची तबकडी फिरू लागली. या वेळी ती अशी गायली की गाठींमागचे उंदीर पळाले असावेत. व्याह्याचं पागोटं उडवलं, व्याह्याच्या मिशा उपटल्या. तिसरं कडवं तिनं सोडून दिलं. थांबली. शेठ ओठ हलवून शिकवत होता, ब-न्सी-ला-ल. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कर्ण्यात म्हणाली:

"गानारी गजराबाई. गाव खांडबारा."

सुई थांबली. मेण खरवडल्याशिवाय आता ते पुसलं जाणार नव्हतं, आणि मेण साहेबाच्या पेटीत गेलं होतं.

शेठ लाल झाला, पण साहेबापुढे बोलला नाही. झिपरू मात्र वळून भट्टीकडे निघून गेला. त्या दिवसापासून तो घरी तिच्याशी बोलेना. भट्टीवर लोक त्याला टोचायचे, "काय झिपरू, तबकडीमा तुले जागा नही भेटनी का?" तो फावड्यानं कोळसा लोटत राही. ती भाकरी पुढे ठेवी, तो जेवी, तांब्या आपटून उठे. सात महिने.

मग तबकडी आली.

बाजारच्या दिवशी शेठनं पेढीच्या ओट्यावर यंत्र मांडलं. वर पितळी कर्णा, भोवती अर्धा तालुका. तबकडीवर चिकटवलेला इंग्रजी कागद वाचता येईल असा तिथं कुणी नव्हता. शेठनं किल्ली दिली, सुई ठेवली आणि कर्ण्यातून तो आवाज निघाला. मिरचीवाल्या मिरच्या सोडून आल्या. डोंगरातून डिंक, मोहाची फुलं घेऊन आलेली माणसं टोपल्या डोक्यावरच ठेवून उभी राहिली. अहिराणी कळत असो नसो, हसू त्यांनाही आलं. व्याह्याच्या मिशा उपटल्या तेव्हा सगळा बाजार खदखदला. आणि शेवटचा सूर विरतो न विरतो तोच शेठनं सुई उचलली.

"आखो एकदाव!"

पुन्हा वाजली. पुन्हा त्याच जागी सुई उचलली.

"कोन शे ही बाई?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"शे मन्ही जिनमानी एक बाई," शेठ हात झटकत म्हणाला.

गजराबाई गर्दीच्या कडेला वांग्यांची पाटी घेऊन उभी होती. तिला म्हणायचं होतं ते ती म्हणून बसली होती.

तिसऱ्यांदा शेठचा हात सुईकडे गेला तेव्हा ओट्याखालून आवाज आला, "हात काढा, शेठ."

झिपरू होता. कोळशानं काळा, डोळे तेवढे पांढरे.

"काय रे?"

"पुरी वाजू द्या. एक बाई नही ती. नाव शे तिले. सात महिना व्हयनात, मी लोकेसना टोमना खाई ऱ्हायनू त्या नावना पायी. आते ते मालेबी ऐकू द्या."

"तू कोनले सांगी ऱ्हायना?"

"तुम्हले. नहीतं सकायले भट्टी तुम्हीच पेटाडा."

हंगाम सुरू होता, जिनच्या आवारात कपाशीच्या गाड्या उभ्या होत्या, आणि ती भट्टी झिपरूशिवाय कुणाला ऐकत नाही हे शेठला पुरतं ठाऊक होतं. त्यानं हात मागे घेतला. सुई पुढे सरकली. थोडी खरखर झाली आणि कर्णा साऱ्या बाजाराला म्हणाला:

"गानारी गजराबाई. गाव खांडबारा."

"खांडबारानी?" एक म्हातारी ओरडली. "व माय, आपलीच आंडेर शे ती, आपला गावनी पोर!"

झिपरू गर्दीतून वाट काढत आला. त्यानं गजराबाईच्या हातातली पाटी घेतली आणि पुढे चालू लागला. दहा पावलांवर थांबला, मागे न बघता म्हणाला, "चाल ना. का तठे आखो गासी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनच्या दाराशी बायका ओळीनं उभ्या होत्या. भट्टी पेटली होती. वाहरू मुकादमानं घसा खाकरला.

"झिपरूनी बायको!"

कुणी ओ दिली नाही. ती समोरच उभी होती.

"झिपरूनी बायको! कान फुटनात का?"

ती शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. वाहरूनं इकडेतिकडे पाहिलं. भट्टीच्या दारात झिपरू फावड्यावर रेलून उभा होता.

"...गजराबाई," वाहरू पुटपुटला.

"हाजर," ती म्हणाली. अगदी हळू.

वाहरूनं सुस्कारा सोडला आणि पुढची हाक दिली, "रायसिंगनी माय!"

कुणी ओ दिली नाही.

वाहरूनं त्या बाईकडे पाहिलं. नऊ वर्षं ती बाई त्याच्यासमोर कपाशी घालत होती आणि तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. भोंगा वाजला. पट्टे फिरू लागले, चरखे रिकामेच खडखडू लागले. आणि वाहरू मुकादम टोपी हातात घेऊन, ओळीतल्या एकेका बाईपाशी थांबत, खाली मान घालून विचारत चालला होता.