घोसातल्या घोसापर्यंत

मित्रांनो, गोष्ट २०२३ सालच्या चवथीची, म्हणजे गोव्यातल्या गणेशचतुर्थीची. मी एक जुना प्लगइन आहे, म्हणजे वेबसाइटचा छोटासा गडी. दूरच्या साठ्यातली छायाचित्रे आणून पानावर ज्याच्या त्याच्या जागी लावायची, एवढेच माझे काम. यादीत नावापुढे चित्राचा पत्ता असे. तो वाचला की मी धावत सुटे.

नार्व्याच्या गंगाआजी चाळीस वर्षे डिचोलीच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या छताचे, सामान विकत. त्यात बांधायची रानफळे त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्या वर्षी त्यांचा पाय मोडला. सून रूपालीने फळे काढून आणली आणि नात गौरवीने घरबसल्या मागण्या घ्यायला वेबसाइट केली. चवथ चार दिवसांवर होती. त्यानंतर ती फळे कोण घेणार?

आजींनी यादी सांगितली ती माटोळी बांधतात तशी. आधी मोठा घोस, त्यात लहान घोस, त्यात फळ. गौरवीने तशीच लिहिली, यादीच्या पोटात यादी. मी वरच्याच यादीत पत्ता शोधला. तिथे पत्ता नव्हता, दुसरी यादी होती. मी गुपचूप परत फिरलो, तक्रारसुद्धा केली नाही. पानावर नुसती नावे राहिली. शहरातली माणसे रानफळ बघून घेतात, नावाने नव्हे. दिवसभरात एकही मागणी आली नाही.

"आजी, सरळ एकाखाली एक फळे सांगितली असतीस तर?" गौरवी रडवेली झाली. "हा प्लगइन वरचेच बघतो, आत शिरतच नाही."

"अगो बाय, घोस सोडून फळां सांगू कशी? त्याका माटोळी नाय, टोपली म्हणतत! आणि माटोळी सोडताना गाठीमागे गाठ सोडूची लागता. वरची गाठ बघून परत येता तो तुझो गडी आळशी!"

मला फार लाज वाटली. गौरवीने मात्र डोळे पुसले आणि मोपाच्या विमानतळावर संगणक सांभाळणाऱ्या साईशदादाला फोन लावला. त्याने सांगितले तसे तिने मला शिकवले. यादीत यादी दिसली तर आत शिर. तिथेही यादी असली तर आणखी आत. आणलेले चित्र त्याच घोसात ठेव.

मी गेलो. तोरंज, कवंडळ, घागऱ्या अशा फळांची एकसष्ट चित्रे घेऊन आलो. संध्याकाळी गौरवीचा फोन वाजायचा थांबेना. "सुटलंय गे एकदाची!" म्हणत आजींनी भिंतीला पाठ टेकली.

आज आजी काठी टेकत डोंगरावर जातात आणि रूपालीला वेली दाखवतात. साईशदादाला दर चवथीला पहिला घोस पोचतो. गौरवी आता गावातल्या इतरांच्याही वेबसाइट करते. मी म्हातारा झालो, माझ्या जागी लवकरच नवा येईल. मित्रांनो, त्याला सांभाळा आणि एवढे शिकवा: आतपर्यंत जा, आणि काही सापडले नाही तर माझ्यासारखा गप्प राहू नकोस.